मधमाशांच्या पेट्यांसाठी जाळी : निवड आणि खरेदीच्या नोंदी

६ ऑक्टोबर

सगळे जाळीचे तळपाट, म्हणजे पेटीच्या तळाला बसणारे जाळीचे पाट, उलटे करून पाहिले. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) जाळीवर कडेकडेने पांढरी भुकटी धरली आहे. काहींना स्टेपलच्या भोवती तांबूस गंजही सुटला आहे. जाळी जिथे सैल पडली आहे तिथे बोटाने दाबलं की तारा बाजूला सरकतात आणि भोक दीडपट होतं. माशी त्यातून आज निघत नसली तरी उद्या निघेल. पुढचा हंगाम सुरू व्हायच्या आत ही सगळी जाळी बदलायची.

बदलायचीच आहे तर बाकीचं सामानही याच फेरीत घेतो : राणी लावायचे पिंजरे, परक्या माशांची लुटालूट थांबवायचे पडदे, पेट्या हलवताना वर टाकायची झाकणं, पराग सापळा आणि मध गाळायची जाळी. वहीत प्रत्येक कामापुढे दोनच प्रश्न लिहिले. यातून कोण गेलं पाहिजे? कोण अडलं पाहिजे? तळपाटातून माइट (माशांवर जगणारा बारीक परजीवी) गेला पाहिजे, माशी अडली पाहिजे. पराग सापळ्यातून माशी गेली पाहिजे, पण तिच्या पायावरची परागाची गोळी अडली पाहिजे. ही उत्तरं एकदा मिलिमीटरमध्ये मांडली की अर्धं काम झालं.

मोजमापं अशी धरली. मेलिफेरा (युरोपीय मधमाशी) कामकरी माशीच्या वक्षाची जाडी ४ मिमीच्या आसपास. व्हरोआ माइट चपटा, सुमारे १.१ मिमी लांब आणि १.६ मिमी रुंद, म्हणजे लांबीपेक्षा रुंदी जास्त. ट्रोपिलेलॅप्स हा दुसरा माइट त्याहून बारीक, त्यामुळे व्हरोआ जिथून पडतो तिथून तोही पडतो. सातेरी, म्हणजे आपली देशी मधमाशी, मेलिफेरापेक्षा अंगाने लहान. म्हणून पुस्तकांत मेलिफेरासाठी दिलेली मापं सातेरीच्या पेटीला जशीच्या तशी लावायची नाहीत, हे वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहून ठेवलं.

९ ऑक्टोबर

आज फक्त आकडेमोड केली, आणि या सगळ्या कामात तीच सगळ्यात उपयोगी पडेल असं वाटतं.

मेश नंबर म्हणजे एका इंचात किती भोकं. एक इंच २५.४ मिमी. त्यामुळे आठ मेशमध्ये एका तारेच्या मध्यापासून दुसऱ्या तारेच्या मध्यापर्यंतचं अंतर ३.१८ मिमी येतं. पण हे झालं तारेसकटचं अंतर. माशीला आणि माइटला जे भोक मिळतं ते यातून तारेची जाडी वजा केल्यावर उरतं. तार ०.४५ मिमीची असेल तर भोक २.७ मिमी. ०.७ मिमीची असेल तर २.५. आणि ०.९ मिमीची असेल तर जेमतेम २.३. तिन्ही जाळ्या दुकानात ‘आठ मेश’ म्हणूनच मिळतात.

हवेसाठी मोकळी राहणारी जागा तर आणखी झपाट्याने घटते, कारण तिथे वर्ग होतो. भोक भागिले अंतर, त्याचा वर्ग. पहिल्या जाळीत जवळपास ७४ टक्के जागा मोकळी, दुसरीत ६१, तिसरीत ५१. पेटी बंद करून गाडीत घालायची असेल तेव्हा ७४ आणि ५१ मधला हा फरक अख्ख्या वसाहतीच्या जिवाचा होतो. माशा घाबरल्या की पंख मारतात, आतलं तापमान चढतं, मेण मऊ पडतं आणि मधाने जड झालेली पोळी खाली बसतात. म्हणून मेश नंबर विचारून थांबणारा मधपाळ दिसला की मला राहवत नाही. तारेची जाडी विचारा, पुन्हा पुन्हा विचारा.

जाडीही मिलिमीटरमध्येच विचारायची, गेजमध्ये नाही. एक तर गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, त्यामुळे बोलताना गोंधळ होतो. दुसरं म्हणजे गेजच्या पद्धती वेगवेगळ्या. ब्रिटिश एसडब्ल्यूजीमध्ये २२ गेज म्हणजे ०.७१ मिमी आणि अमेरिकन एडब्ल्यूजीमध्ये ०.६४. २६ गेज एकीकडे ०.४६, दुसरीकडे ०.४०. आठ मेशच्या जाळीत एवढ्यानेही भोक बदलतं.

१५ ऑक्टोबर

नमुने मागवले. मिळण्याची ठिकाणं साधारण तीन प्रकारची. हार्डवेअरचं दुकान, जिथे खिडकीची जाळी आणि वेल्डमेश मिळते पण तारेची जाडी क्वचितच लिहिलेली असते. चाळण्या आणि औद्योगिक गाळण्या बनवणाऱ्यांना जाळी पुरवणारे, ज्यांच्याकडे मेश, तार आणि धातू तिन्ही लिहिलेली यादी असते. आणि मधपेट्यांचं सामान विकणारे, ज्यांच्याकडे जाळी कापून तयार मिळते पण धातू कोणता हे खोदून विचारावं लागतं. माझा कल दुसऱ्या प्रकाराकडे आहे. तिथली माणसं रोज भोकांच्या मापातच बोलतात. त्यांना मधमाशांबद्दल काही माहीत नसलं तरी ‘मोकळं भोक २.७, कमी-जास्त किती चालेल?’ असा उलट प्रश्न तेच करतात.

सगळ्यांना एकच मजकूर पाठवला : मेश किती, तार किती मिमी, मोकळं भोक किती, धातूचा दर्जा कोणता, विणलेली की वेल्ड केलेली, जस्ताचा थर विणण्याआधीचा की नंतरचा, रोलची रुंदी किती, आणि हातभर लांबीचा नमुना मिळेल का.

२३ ऑक्टोबर

नमुने आले. एकाच्या पाकिटावर ‘आठ मेश, ०.४५’ लिहिलं होतं. मोजल्यावर तार ०.६ च्या वर भरली. शिवाय उभ्या बाजूने इंचाला आठ भोकं आणि आडव्या बाजूने सातच. म्हणजे चौकोनाऐवजी आयत. तो नमुना बाजूला काढला.

मोजायची पद्धत इथे लिहून ठेवतो, पुढे कुणालाही कामाला येईल. एका इंचात भोकं मोजू नका, चार इंचांत मोजा आणि चारने भागा. विणकामातला कमी-जास्तपणा त्यात निघून जातो. दोन्ही दिशांनी मोजा. तारेसाठी व्हर्नियर असेल तर उत्तम. नसेल तर जाळीची कड उसवून दहा तारा काढायच्या, सरळ करायच्या, पट्टीवर एकमेकींना चिकटवून ठेवायच्या आणि एकूण रुंदीला दहाने भागायचं. भोक तपासायला ड्रिलच्या बिटांची मागची गुळगुळीत दांडी चांगली : २.५ मिमीची आत गेली पाहिजे, ३ मिमीची अडली पाहिजे. रोलच्या मधून आणि दोन्ही कडांकडून तपासायचं, कारण बारीक तारेच्या विणलेल्या जाळीत कडेला तारा दाटलेल्या किंवा फाकलेल्या असतात.

खिडकीच्या डासजाळीचा नमुनाही मुद्दाम मागवला होता, कारण ‘तीच लावली तर काय बिघडलं’ हा प्रश्न नेहमी येतो. १८ मेश, तार ०.२८, भोक १.१ मिमी. १.६ मिमी रुंदीचा माइट त्यातून भरवशाने पडत नाही. त्यावरून माइट मोजायला जावं तर खालच्या चिकट कागदावर थोडेच दिसतील आणि वसाहत निरोगी आहे असं वाटून उपचार लांबेल. डासजाळी वाऱ्यासाठी ठीक, पण माइट मोजायच्या तळपाटाला कधीही नाही. फायबरग्लासची तर कुठेच नको. माशा तिचे धागे उपसत बसतात आणि उंदराला ती कुरतडायला वेळ लागत नाही.

२४ ऑक्टोबर

तळपाटाबद्दल एक गोष्ट आजच लिहितो. जाळीचा तळपाट लावला म्हणजे माइटचा बंदोबस्त झाला, असं नाही. पडलेला माइट परत वर चढू नये एवढंच जाळी करते, आणि बरेच माइट तर झाकलेल्या घरांत पिल्लांवर असतात. जाळीमुळे माइट मोजता येतात, हाच तिचा खरा उपयोग. तेवढ्यासाठीसुद्धा ती अचूक भोकांची हवी.

२ नोव्हेंबर

धातूचा प्रश्न. यावर सगळ्यात जास्त वेळ गेला.

जीआयमध्ये दोन जाती. एकात तारेवर आधी जस्त चढवतात आणि मग विणतात किंवा वेल्ड करतात. वेल्ड करताना सांध्यावरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. दुसरीत जाळी आधी तयार करतात आणि मग अख्खी वितळलेल्या जस्तात बुडवतात. सांधे झाकले जातात, थर जाड बसतो, आयुष्य वाढतं. पण बारीक जाळीत जस्ताचा थेंब भोकात अडकून काही भोकं बुजतात, आणि उरलेली भोकंही ठरल्यापेक्षा लहान होतात. कुंपणाला दुसरी जात चांगली. आठ मेशला मात्र प्रत्येक हातभर तुकडा उजेडासमोर धरून पाहावा लागतो.

पण पेटीत जस्ताचा खरा शत्रू पाणी नसून आम्ल आहे. माइटवर फॉर्मिक आम्लाचा उपचार केला की त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली उतरते आणि थेट तळपाटाच्या जाळीवर बसते. ऑक्सॅलिकही जस्ताला सोडत नाही. रिकामी पोळी ॲसेटिक आम्लाने धुरावायची असतील तर धातूचे भाग आधी काढून ठेवा, असं जुने मधपाळ सांगतात ते याचसाठी. ६ ऑक्टोबरला दिसलेली पांढरी भुकटी जिथे आम्लाचे पॅड ठेवतो त्या बाजूच्या तळपाटांवरच जास्त होती. तेव्हा निर्णय झाला : ज्या पेट्यांत आम्लाचे उपचार होतात, त्यांचे तळपाट स्टेनलेसच्या ३०४ दर्जाचे. महाग आहे, पण दर काही वर्षांनी तेच काम पुन्हा करण्यापेक्षा एकदा खर्च केलेला बरा.

स्टेनलेस ओळखायला चुंबक लावून बघतात. त्यावर पूर्ण विसंबू नये. ३०४ ची जाड पट्टी चुंबकाला फारशी दाद देत नाही, पण तीच थंड खेचून बारीक तार केली की थोडी ओढली जाते. त्यामुळे हलकी ओढ लागली म्हणून माल खोटा ठरत नाही. उलट, काही हलक्या दर्जाचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटत नाही. पुरवठादाराकडून दर्जाचा कागद मागणं हाच सरळ मार्ग.

ॲल्युमिनियम हलकं आणि कापायला सोपं, पण हाइव्ह टूलचा (पेटी उघडायच्या पट्टीचा) एक फटका बसला की खड्डा पडतो. पडद्यांना चालेल, तळपाटाला नको.

११ नोव्हेंबर

राणीचा पिंजरा बनवून पाहिला. पोळ्यात दाबून बसवायचा, एका तुकड्यातून घडी घालून केलेला. हा प्रकार मला फार आवडतो, कारण यात राणी पोळ्यावरच असते, तिच्या पायाखाली मधाची आणि बाहेर पडत असलेल्या पिल्लांची घरं असतात. नुकत्याच जन्मलेल्या माशा तिला विनातक्रार स्वीकारतात.

१५ × १५ सेंमीचा तुकडा कापला. चारही कोपऱ्यांतून अडीच-अडीच सेंमीचा चौकोन काढला. बाजू खाली दुमडल्या, की १० × १० सेंमीचा, अडीच सेंमी उंचीचा डबा तयार. आता महत्त्वाचं : खालच्या कडेच्या आडव्या तारा उसवायच्या. तीन तारा काढल्या की साधारण ९.५ मिमी लांबीचे उभे दात मोकळे होतात. हे दात पोळ्यात मधल्या मेणाच्या पडद्यापर्यंत रुतले पाहिजेत. कमी रुतले तर बाहेरच्या माशा खालून पोखरून आत शिरतात आणि राणीला घेरतात. दात रुतल्यावर आत दीड सेंमी उंची उरते, राणीला फिरायला तेवढी पुरते.

इथे विणलेलीच जाळी हवी. वेल्ड केलेल्या जाळीची आडवी तार उसवता येत नाही, एकेक सांधा पकडीने तोडावा लागतो आणि तिथे उरलेला खडा सांधा मेण फाडतो. तळपाटाला नेमकं उलटं : तिथे वेल्ड केलेली किंवा घट्ट क्रिम्प केलेली (तारा आधी नागमोडी वाकवून विणलेली) बरी, कारण कापल्यावर तारा सरकत नाहीत.

पिंजऱ्याचं भोकही विचार करून ठरवावं. बाहेरच्या कामकरी माशांनी जाळीतून राणीला भरवावं, तिचा गंध त्यांच्यापर्यंत जावा, पण परक्या राणीवर चिडलेल्या माशांना तिचे पाय पकडता येऊ नयेत. २.५ ते २.७ मिमी इथे योग्य वाटतं. दुमडताना बाहेर आलेली तारेची टोकं कानशीने घासून घेतली, आतल्या बाजूने बोट फिरवून पाहिलं. बोटाला जे टोचतं ते राणीच्या पंखाला फाडतं.

१८ नोव्हेंबर

एका पेटीवर दुसरी वसाहत ठेवताना मधे लागणारा जाळीचा पाट. एकाच जाळीतून माशा एकमेकींना भरवतात, कारण मेलिफेराची जीभ सहा मिमीच्या पुढे जाते. वसाहती खरोखर वेगळ्या ठेवायच्या असतील तर दोन जाळ्या हव्यात आणि त्यांच्यात १० मिमीचं अंतर. ऊब वर जाते, घास जात नाही. दोन्हीला आठ मेश वापरली.

लुटालूट थांबवायच्या पडद्यालाही तीच. चोर माशा वासाच्या मागे येतात आणि मूळ दारासमोर जाळीला धडकत राहतात. घरच्या माशा बाजूची वाट दोन-तीन दिवसांत शिकतात. वास बाहेर यायला हवा, म्हणून इथे फळी चालत नाही, जाळीच लागते.

२७ नोव्हेंबर

पराग सापळा. मेलिफेरासाठी पाच मेशची जाळी वापरायची रीत जुनी आहे. अंतर ५.०८ मिमी; तार ०.९ असेल तर भोक ४.२, माशी अंग चोरून जाते आणि मागच्या पायांवरच्या गोळ्या खरवडून खाली पडतात. तार १.२ ची आली तर भोक ३.९ आणि माशा दारातच अडकणार. म्हणजे तीन दशांश मिलिमीटरवर सगळा सापळा अवलंबून! नरमाशा जाडजूड असल्याने कोणत्याच हिशेबाने यातून जात नाहीत. त्यांना वेगळी वाट ठेवली नाही तर त्या जाळीला अडकून मरतात आणि दार तुंबतं.

इथे मी विणलेल्या जाळीऐवजी गोल भोकांचा पत्रा घ्यायचं ठरवलं. विणलेल्या जाळीत तारा वर-खाली जातात, चौकोनाचे कोपरे राहतात, त्यात पाय आणि पंख अडकतात. पत्र्याचं भोक ज्या बाजूने पाडलं ती बाजू गुळगुळीत असते आणि दुसरीकडे धार उरते. धार घासून काढायची आणि गुळगुळीत बाजू माशा जिथून शिरतात तिकडे करायची. गोळ्या ज्या ट्रेमध्ये पडतात त्याच्या तळाला बारीक जाळी, म्हणजे हवा लागते आणि पराग लवकर बुरसत नाही.

सातेरीच्या पेट्यांना हा सापळा लावणार नाही. तिच्यासाठी भोक वेगळं लागेल आणि ते ठरवायला आधी माझ्याच वसाहतींतल्या माशा मोजाव्या लागतील.

५ डिसेंबर

मध गाळायची जाळी. इथे कोणतीही तडजोड नाही, फक्त स्टेनलेस ३०४. मधाचा सामू ४ च्या आसपास, म्हणजे मध आम्लधर्मी आहे आणि जस्त त्यात विरघळतं. जीआयची जाळी मधाला लावूच नये. चाळणीसाठी वापरलेली उरलीसुरली जीआय दिसली तर ती टाकून द्यावी, माणसाच्या पोटात जाणाऱ्या गोष्टीत काटकसर नको.

दोन थर घेतोय. वर १६ मेशच्या आसपासची, ज्यात मेणाचे तुकडे आणि पंख अडकतात. खाली ४० मेशची, भोक ०.४ मिमीच्या जवळ. परागकण बहुतेक ०.१ मिमीहून लहान असतात, ते सहज मधात राहतात, आणि मला ते राहायलाच हवे आहेत.

१६ डिसेंबर

माल आला. मागणी अशी दिली होती : आठ मेश, तार ०.४५ मिमी, स्टेनलेस ३०४, साधी विणलेली, पिंजरे, पडदे आणि झाकणांसाठी. आठ मेश, तार ०.७ मिमी, ३०४, क्रिम्प केलेली, तळपाटांसाठी. अख्खा रोलच घ्यावा लागतो, तुकडा देत नाहीत. तेव्हा ओळखीच्या दोन मधपाळांबरोबर वाटून घेतला. रोल उघडून दोन्ही कडा आणि मध्य मोजला. २.५ ची दांडी सगळीकडे गेली, पण ०.७ च्या जाळीत घासत गेली, तशी ती जाणारच.

रोलच्या रुंदीत तळपाटाचे तुकडे कसे बसतात ते कागदावर आधी आखलं. तुकडा चौकटीच्या आतल्या मापाहून सगळीकडून १५ मिमी मोठा कापला. तारा कडेला समांतर राहतील असा. तिरपा कापला तर जाळी ताणताना आकार बदलते. उरलेल्या पट्ट्या दोन इंचांच्या वर असतील तर प्रवेशद्वार बंद करायला ठेवल्या.

१९ डिसेंबर

जाळी बसवली. स्टेनलेस जाळीला जीआयचे स्टेपल लावायचे नाहीत. दोन धातू ओलाव्यात एकत्र आले की जस्त आधी झिजतं, आणि इथे स्टेपल इतका छोटा आणि जाळी इतकी मोठी की स्टेपल भराभर संपतो. जाळी चकचकीत राहते आणि एक दिवस कडेने सुटून येते. स्टेनलेसचेच स्टेपल घेतले, वरून लाकडी पट्टी स्क्रूने दाबली. पट्टीमुळे कापलेली टोकं झाकली जातात, तळपाट साफ करताना हाताला ओरखडे येत नाहीत.

जाळी आणि चौकटींच्या खालच्या कडेत किती अंतर राहतं तेही पाहिलं. अमेरिकन मधपाळ लँगस्ट्रॉथने १८५१ साली ओळखलेलं माशीचं अंतर, ६ ते ९ मिमी, पेटीच्या आतल्या वाटांना पाळायचंच. पण तळाशी बहुतेक रचनांत त्याहून जास्त जागा सोडतात, म्हणजे कचरा साचत नाही. मी ती तशीच ठेवली.

१२ जानेवारी

नव्या तळपाटांची पाहणी. मेलिफेराच्या पेट्यांत मागच्या कोपऱ्यात प्रोपोलिस (माशा झाडांवरून आणतात ती राळ) लावायला सुरुवात झाली आहे, भोकांच्या दोन-तीन रांगा बुजल्या. सातेरीच्या पेट्यांत जाळी स्वच्छ, कारण सातेरी प्रोपोलिस गोळाच करत नाही. तिथे साफसफाई करायची ती फक्त मेणाच्या चुऱ्याची. तो वेळेवर काढला नाही तर मेणकिडा त्यात घर करतो.

प्रोपोलिस काढायला तळपाट थंडीत ठेवायचे, राळ ठिसूळ झाली की ब्रशने झडते. ब्लोलॅम्पने जाळणं स्टेनलेसला चालेल, पण जीआयवर कधीही नको. तापलेल्या जस्ताचा धूर छातीत गेला की ताप भरतो. जुने जीआयचे तळपाट अजून काही पेट्यांना आहेत, त्यांच्यावर ‘जाळू नये’ असं रंगाने लिहिलं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातही ते बुडवायचे नाहीत, जस्त त्यात विरघळतं.

२ फेब्रुवारी

फॉर्मिकची फेरी संपली. स्टेनलेसच्या तळपाटांवर भुकटी नाही, स्टेपल जागच्या जागी. शेजारच्या जीआयवर पुन्हा पांढरं धरलं आहे. उरलेले तळपाट पुढच्या उपचाराआधी बदलणार. त्यासाठी क्रिम्प केलेली जाळी थोडी कमी पडते आहे, तेवढी आज मागवली, तारेची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून.